तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही देवुआन का?

नागपूरहून सुट्टीत गावी आलेली इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, यवतमाळचे मास्तर विचारतात, परवा भाच्यानेही विचारलं: ग्रंथालयातल्या मशीनवर अजून देवुआनच का? सिस्टिमडीने तुमचं काय घोडं मारलंय? एकदा नीट सांगूनच टाकतो. देवुआन म्हणजे डेबियन या लिनक्सचीच सिस्टिमडी नसलेली आवृत्ती; आणि सिस्टिमडी म्हणजे मशीन सुरू होताना एकेक सर्व्हिस चालू करून सांभाळणारा प्रोग्राम.

सिस्टिमडी टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. पडलेली सर्व्हिस आपोआप उठवणं, तिच्या सगळ्या प्रोसेस सीग्रुपमध्ये, म्हणजे एका गटात, धरून ठेवणं, हे इनिट-डीच्या, म्हणजे जुन्या पद्धतीत सर्व्हिस चालू करणाऱ्या, स्क्रिप्टांना कधी धड जमलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं बरोबरीत अडकली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं, तेव्हा मी तावातावाने भांडत होतो. सगळं एकाच कंपनीच्या मुठीत जाणार, असं सांगत फिरायचो. ते भांडण आज मी त्या शब्दांत करणार नाही. पण पुढे जे झालं ते डोक्यातून जात नाही.

झरी-जामणी तालुक्यातल्या एका गावचं ग्रंथालय. तिथल्या मशीनवर उन्हाळ्यात डेबियन ८ चढवलं होतं. स्कॅन केलेल्या पुस्तकांची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये, एका ओळीने जोडलेली. आयटीआयच्या ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस होता. सकाळी लाइन गेली, आली, आणि डिस्कचं अडॅप्टर जळालं. ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंचा फोन आला.

"सर, लाल चांदण्या इकडून तिकडे फिरून रायल्या. दीड मिनिट म्हणते."

दीड मिनिट संपलं.

"आता इमर्जन्सी मोड म्हणते. पासवर्ड मागून रायलं."

रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड सांगितला.

"काहीच उमटत नाही सर. कीबोर्ड गेला वाटते."

पासवर्ड स्क्रीनवर दिसत नसतो हे सांगेपर्यंत रेंज गेली. पुन्हा फोन लागला तोवर त्यांनी स्क्रीनवर लिहिल्याप्रमाणे जर्नलसीटीएल ही नोंदी दाखवणारी कमांड चालवून पाहिली होती. त्यातून बाहेर पडायला क्यू दाबायचा हे त्यांना कुठून माहीत असणार? मग नॅनो हा एडिटर, मग एफएसटॅब, मग "ताई, तीनच्या वरचं चिन्ह त्या ओळीच्या आधी टाका", म्हणजे मशीन ती ओळ सोडून देतं, आणि कोणती ओळ यावर अर्धा तास. मशीन सुरू झालं तेव्हा दुपार उलटली होती. बरीचशी पोरं काळीपिवळीने पांढरकवड्याला निघून गेली होती. एका मुलीकडे भाड्याला पैसे नव्हते म्हणून ती थांबली. तिचा अर्ज भरायला घेतला आणि लाइन पुन्हा गेली. तिचं ते वर्ष गेलं.

"मग नोफेल लिहायचं ना," असं म्हणतात सगळे. बरोबर आहे, डिस्क नसली तरी पुढे जा असं सांगणाऱ्या त्या एका शब्दाने हे सुटतं. आपोआप जोडायची डिस्क जोडली गेली नाही (ऑटो माउंट) तर सिस्टिमडी मशीन सुरू करणं पुढे नेणार नाही, हे डेबियन ८ च्या रिलीज नोट्समध्ये छापलेलंही होतं. पण तीच ओळ घेऊन ते मशीन कित्येक वर्षं चालू होत होतं. डिस्क नसली तर तक्रारीची एक ओळ छापायचं आणि पुढे जायचं. ओळीतलं एक अक्षर न बदलता तिचं वागणं बदललं, आणि त्याची किंमत रिलीज नोट्स कधी न पाहणाऱ्यांनी मोजली.

थांबण्यामागे कारण नाही असं नाही. डेटाबेसची डिस्क नसताना डेटाबेस रिकाम्या फोल्डरात लिहू लागला तर मोठा घोळ होतो. सर्व्हरसाठी मीही थांबणंच पसंत करीन. आणि जुनं इनिट तरी कुठे एवढं दयाळू होतं? ओळीतला शेवटचा आकडा शून्य नसता, तर डिस्कच्या तपासणीत अडकून तेही थांबलं असतं. मग माझा आक्षेप नेमका सिस्टिमडीवर आहे की कुठल्याही बदललेल्या डीफॉल्टवर, म्हणजे न सांगता ठरलेल्या वागण्यावर? हा वाद मी अजून स्वतःशी घालतो.

एवढं मात्र खरं की देवुआनवर काही अडलं तर मी इनिट-डीतली फाइल उघडायला सांगतो, ताई ती मला वाचून दाखवतात, आणि आता बऱ्याचदा चूक त्यांनाच आधी सापडते. सिस्टिमडीच्या युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइल, त्याहून छोट्या असतात, हे भाच्याने ऐकवलं. असतात. पण त्या फाइलवरून प्रत्यक्ष काम करणारा भाग सी भाषेत लिहिलेला आहे, तो ताईंना उघडून वाचता येत नाही.

माझी वाट अरुंद होत चालली आहे, हे मला दिसतं. २०१९ च्या मतदानानंतर डेबियनच्या पॅकेजांवर इनिट स्क्रिप्ट द्यायची सक्ती उरली नाही. स्क्रिप्ट आली नाही की मी लिहितो. मी नसलो तर कोण लिहील, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. झरीची दोन पोरं रविवारी येऊन बसतात, त्यांना शेल, म्हणजे या स्क्रिप्टांची भाषा, शिकवतोय.