नाकाची रेघ

त्या मुलीचं नाक मी चार वेळा पुसलं. पाचव्या वेळी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवताना लक्षात आलं, की जी रेघ मी पुन्हा पुन्हा काढतेय ती मूळ चित्रात नाहीच.

चित्र डच चित्रकार व्हर्मीरचं, मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं. साधारण १६६५ सालचं, हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयातलं, आकारानं जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. मला तैलरंगात चेहरे रंगवायला शिकायचं होतं आणि समोर बसायला कुणी तयार नव्हतं. घरच्यांनी एकेकदा बसून पाहिलं, वीस मिनिटांत प्रत्येकाची मान अवघडली. ही मुलगी साडेतीनशे वर्षं हललेली नाही.

सुरुवात बरी झाली. कॅनव्हासवर पातळ तपकिरी हात फिरवला, चौकटी आखून रेखाटन उतरवलं, बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात सावल्या बसवल्या. अंबर लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला सोयीचा. तेल कमी असलेला थर खाली, जास्त असलेला वर, एवढा नियम पाळला. नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

मग नाक. आपल्याला माहीत असतं की नाकाला दोन बाजू असतात, म्हणून हात दोन्ही बाजू काढतो. व्हर्मीरनं एकच काढलीय, सावलीकडची. उजेड डावीकडून येतो, त्यामुळे नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल दोन्ही सारखेच उजळ. मध्ये सीमा नाही, रंग सरळ एकातून दुसऱ्यात जातो. छापील चित्र उलटं टांगलं तेव्हा कुठे हे दिसलं; उलट्या चित्रात नाक नाक राहत नाही, नुसता उजेडाचा एक तुकडा होतो. तसाच तो रंगवला आणि नाक आपोआप वर आलं.

गालाचा रंग मात्र आठवडाभर छळत होता. त्या काळचा पांढरा शिशाचा, विषारी; मी टायटॅनियमचा घेतला. तो थंड आणि दांडगा, जरासा पडला तरी सगळं गिळतो. पोरीच्या तोंडाला खडू फासल्यासारखं दिसत होतं. शेवटी पांढऱ्यात आधीच थोडा पिवळा ओकर मळून ठेवला आणि सगळ्यात उजळ जागा सोडून तो कुठेच लावायचा नाही असं ठरवलं. तेव्हा कातडीत जरा ऊब आली.

डोक्यावरच्या फडक्याचा निळा मूळ चित्रात लाजवर्द दगडापासून केलेला अल्ट्रामरिन आहे, अफगाणिस्तानातून येणारा. माझा ट्यूबमधला. खाली फिका निळा वाळू दिला आणि वरून तेलात पातळ केलेला गडद निळा काचेसारखा पसरवला. हा एकच दिवस मी स्वतःवर खूश होते.

मोत्याची मला सगळ्यात धास्ती होती, आणि तो दहा मिनिटांत झाला. वर एक ठसठशीत पांढरा ठिपका, खाली कॉलरचं धूसर प्रतिबिंब. बाकी मोती नाहीच! कानात अडकवायला आकडासुद्धा नाही.

पार्श्वभूमी मी काळी केली. २०१८ साली संग्रहालयानं हे चित्र तपासलं, तेव्हा कळलं की तिथे मुळात हिरवा पडदा होता आणि डोळ्यांना बारीक पापण्याही होत्या. आता नुसत्या डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. मग मी कशाची नक्कल करायची? त्यानं रंगवलेल्याची, की काळानं उरवलेल्याची? पडदा सोडून दिला. पापण्यांचा मोह आवरला नाही, अगदी बारीक ब्रशनं चार-पाच ओढल्या आणि मुलगी खेळण्यातल्या बाहुलीसारखी दिसायला लागली, म्हणून पुसल्या.

काल चित्र आरशात पाहिलं. डावा डोळा केसभर वर चढलाय. रंग अजून ओला आहे.