खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा फोन

म्हापसा, आषाढ

पाऊस सकाळपासून उघडलेला नाही. या दिवसांत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार ऐकू येते: चार्जिंग लागत नाही. भविष्यातला फोन कसा असावा, असं विचारलं की घडीचा पडदा आणि चष्म्यातला फोन यांवरच गप्पा रंगतात. मला मात्र सर्वांत आधी ते चार्जिंगचं भोक नाहीसं झालेलं हवं आहे. किनारपट्टीत फोनचं दुखणं सुरू होतं ते तिथून.

या भोकात, म्हणजे आजच्या फोनांतल्या टाइप-सी पोर्टात, २४ पिना असतात, वर १२ आणि खाली १२. शेजारच्या दोन पिनांत जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर. विजेच्या पिनेला लागूनच सीसी पिन असते, जिच्यावरून चार्जर आणि फोन एकमेकांना ओळखतात. खारट ओल या दोघींत बसली की ती तारेचं काम करते. पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा, त्याखाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. केबल घालून-काढून मुलामा झिजला की वीज चालू असताना धन बाजूचा धातू विरघळू लागतो आणि हिरवट थर धरतो. असा पोर्ट भिंगाखाली धरला की विजेच्या चार पिनांच्या कडा खाल्लेल्या दिसतात, बाकीच्या बऱ्याचदा चकचकीत असतात.

इथे केबलचाही हात असतो. चार्जरकडे जुनं चपटं चौकोनी टोक असलेल्या केबलीत पाच व्होल्ट कायम असतात. ओल्या पोर्टात ती खुपसली की गंज तत्क्षणी सुरू. दोन्ही टोकं टाइप-सी असली तर चार्जर आधी समोरच्या फोनातला ५.१ किलोओहमचा रोध, म्हणजे फोन जोडल्याची खूण, शोधतो आणि मगच वीज सोडतो. म्हणून पावसाळ्यात दुसऱ्या प्रकारची केबल वापरलेली बरी.

फोन समुद्रात किंवा खाडीत पडलाच तर तो लगेच बंद करावा आणि चार्जरला अजिबात लावू नये. बाहेरून गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावं, कारण पाणी वाळतं पण मीठ आतच राहतं आणि हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. मग दुकानात बॅटरी सोडवून बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने साफ करून घ्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ जात नाही, उलट पीठ पोर्टात शिरतं.

भोक काढून निव्वळ वायरलेस चार्जिंग द्यावं, हा उपाय मला पटत नाही. त्यात बरीच वीज उष्णतेत जाते आणि इथल्या दमट उकाड्यात ती उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. मला हवेत पाठीवर, कवचाच्या पातळीतच बसवलेले सपाट पॅड. चुंबकाने केबल चिकटावी आणि ओळख पटेपर्यंत पॅडवर वीज येऊच नये. ओले झाले तर रुमालाने पुसावेत. असे पॅड काही दणकट फोनांना आजही आहेत. ते सगळ्यांना सारखे हवेत, म्हणजे बेतुलच्या जेटीवरची केबल पणजीतही चालेल.

जाहिरातीतल्या आकड्यांनी कुणी फसू नये असं फार वाटतं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही गोड्या पाण्यात आणि नव्या फोनला. खाऱ्या धुक्याची चाचणी वेगळी असते. अमेरिकी लष्कराच्या ८१० मानकातल्या ५०९ क्रमांकाच्या पद्धतीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं ३५ अंशांवर २४ तास, मग २४ तास वाळवण, आणि हे चक्र पुन्हा एकदा. खोक्यावर नुसतं ‘लष्करी दर्जा’ छापलेलं असतं, पण ८१० मधल्या कोणत्या पद्धती केल्या ते सांगणं बंधनकारक नाही. माझ्या आदर्श फोनच्या खोक्यावर ५०९ चा निकाल छापलेला असेल.

बॅटरी स्वतःला बदलता यावी. पाणी अडवायचं तर गोंद लागतोच, हे कारण टिकणारं नाही. सॅमसंगच्या एक्सकव्हर ६ प्रो या २०२२ च्या फोनचं झाकण नखाने निघतं, बॅटरी हातात येते, आणि तरी तो आयपी ६८, म्हणजे ६७ च्याही वरच्या दर्जाचा आहे. कडेची रबरी पट्टी ते काम करते. गोंदाने बंद केलेला फोन एकदा तापवून उघडला की नवी चिकटपट्टी नीट बसवल्याशिवाय तो पाणी अडवत नाही. धोका रबरी पट्टीलाही आहे: कडेत वाळूचा एक कण राहिला की पाणी आत. त्यावर तोड फोनातच आहे. बऱ्याच फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. झाकण लावून पडदा हलकेच दाबला की आतला दाब वाढतो. तो टिकला तर फोन घट्ट बंद आहे, झर्रकन उतरला तर कुठेतरी फट आहे. झाकण लावल्यावर ही तपासणी फोनने स्वतःच करावी, आणि रबरी पट्टी वेगळी विकत मिळावी.

युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता यायला हवी. फोनांसाठी मात्र २०२५ पासून लागू असलेल्या नियमांत एक सवलत आहे: हजार चार्जनंतरही ८० टक्के क्षमता टिकली आणि फोन पाण्यात तगला, तर बॅटरी बदलण्याचं काम तज्ज्ञावर सोडलेलं चालतं. ही सवलत मला खटकते. हजार चार्ज म्हणजे रोज चार्ज करणाऱ्याला तीन वर्षंसुद्धा नाहीत.

पडद्याचं थोडक्यात. पडदा स्पर्श ओळखतो तो विद्युत धारकतेतल्या, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेतल्या, बदलावरून. ती बोटामुळे बदलते, तशी पाण्यानेही, आणि खाऱ्या पाण्याने जास्तच. मासळी विकणाऱ्या बाईला ओल्या हाताने फोन घेता यावा म्हणून बाजूला एक खरंखुरं बटण हवं: दाबलं की फोन उचलला.

आणि रेडिओ. वादळात टॉवर गेला तरी पणजी आकाशवाणी ऐकू यायला हवी. एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांबीच्या, म्हणून अँटेनाला त्याच्या पाव भागाची, पाऊण मीटरची तार लागते; ते काम हेडफोनची वायर करायची. जॅक गेला तशी ती सोयही गेली. तो परत येणार नसेल तर त्या चुंबकी पॅडच्या केबललाच अँटेनाचं काम द्यावं, केबल पाऊण मीटरचीच ठेवावी, आणि फोनातली रेडिओची चिप बंद न ठेवता मुळातच चालू करून विकावी.