फोडलेलं पाकीट

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे, विडी कामगारांच्या वस्तीत आमची कुष्ठरुग्ण शोधमोहीम चालू होती. आशाताईंनी एका दारात हाक मारली. आत मावशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. पाठीवर सात चट्टे, कोपरामागची नस दोरीसारखी जाड. पण माझी नजर त्यांच्या डाव्या करंगळीवरून हलेना. पानं कापताना कात्री लागली होती, रक्त पानावर उतरलं होतं आणि मावशींची कात्री चालूच. त्यांना पत्ताच नव्हता.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. एमबी, म्हणजे जास्त जंतू असलेला कुष्ठरोग. त्याला 12 महिने गोळ्या. पहिला डोस आमच्यासमोर घ्यायचा असतो. मी पाकीट फोडलं, गोळ्या आणि पाण्याचा पेला हातात दिला, तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं.

"खोकला कधीपासून, मावशी?"

"पावसाळ्यापासून की. तंबाखूचा आहे म्हणले दवाखान्यात."

दिवाळी होऊन गेली होती. मी गोळ्या परत घेतल्या.

त्या पाकिटातलं रिफाम्पिसिन हे औषध कुष्ठरोग आणि क्षय (टीबी), दोन्ही रोगांवर चालतं. जंतू एकाच कुळातले. कुष्ठरोगात ते महिन्यातून एकदाच देतात. पण अंगात क्षय असला, तर तेवढ्याने त्याचे जंतू मरत नाहीत, उलट निगरगट्ट होतात आणि क्षयावरचं मुख्य औषधच हातचं जातं. पुढे नसा सुजून स्टिरॉइड द्यावं लागलं, तर क्षय आणखी बळावतो. हे सगळं मला पाठ होतं, तरी पाकीट आधी फोडलं. त्याची बोच आजही आहे.

थुंकीत क्षय निघाला. औषधाला दाद देणारा होता, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. क्षयाच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन रोजच असतं, म्हणून ते 6 महिने कुष्ठरोगाचा महिन्याचा रिफाम्पिसिन बंद. कुष्ठरोगाची बाकीची दोन औषधं, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन, चालू.

"सुनेला टीबीचं सांगा. दुसऱ्याचं नाव काढू नका," मावशी हळूच म्हणाल्या. पण घरातल्या सगळ्यांचंच अंग तपासायचं होतं. मी त्यांना तेच सांगत राहिलो, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच सुनेला घेऊन आल्या. सुनेनं कडेवरच्या पोराचं झबलं वर केलं. "आधी याची पाठ बघा, सर."

पाठ स्वच्छ होती. मी विचारलं, "आणि खोकला?"