रेस सोडली तरी फिरणारी चेन

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि ठाण्यात दिवसभर झाडे पडत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वागळे इस्टेटमधील माझ्या कार्यशाळेचे शटर उघडले, तेव्हा बाहेर पेट्रोलवर चालणाऱ्या चार करवती घेऊन माणसे उभी होती. तिघींचे दुखणे साधे होते. चेनला माती लागून दात बोथट झाले होते, आणि बोथट चेन लाकडाचे कपचे न काढता पिठासारखा भुसा पाडते, हे एव्हाना कापणाऱ्यांनाही ठाऊक असते. त्या चेन मी गोल कानशीने घासून तासाभरात परत दिल्या.

चौथी करवत बागकामाच्या एका कंत्राटदाराची होती. नौपाड्यात एक जुना पर्जन्यवृक्ष सोसायटीच्या फाटकावर आडवा पडला होता आणि आत एक आजारी गृहस्थ अडकले होते, त्यामुळे तो घाईत होता. "भाऊ, कालच दुसरीकडे दुरुस्त करून आणली आहे, फक्त चेनला धार लावा," असे त्याने सांगितले. धार लावून मी करवत जमिनीवर टेकवली, ब्रेक लावून सुरू केली आणि मग ब्रेक सोडला. रेसला बोटही लावलेले नसताना चेन बारवर फिरू लागली.

मी तत्काळ स्विच बंद केला. या यंत्राचा क्लच वेगावर चालतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन मिनिटाला साधारण 2,800 फेऱ्यांवर नुसते चालू असताना, त्याचे शू (पकड घेणारे तुकडे) स्प्रिंगने आत ओढलेले राहतात आणि वेग बराच वाढल्यावरच बाहेर येऊन चेन फिरवणारा ड्रम पकडतात. चेन आपोआप फिरत असेल, तर बहुधा एक तर स्प्रिंग तुटलेली असते किंवा आयडलिंग फार वर चढवलेले असते. फांदीवर उभा असलेला माणूस रेस सोडून पाय सरकवतो, तेव्हा चेन थांबली आहे असे तो गृहीत धरतो, आणि मांडीवर खोल जखमा होतात त्या अनेकदा याच क्षणी.

क्लच उघडून पाहिला. स्प्रिंग शाबूत होती. आयडलिंगचा स्क्रू मात्र बराच आत फिरवलेला होता. तो का फिरवला असावा, हे कंत्राटदाराबरोबर आलेल्या पोराच्या बोलण्यातून कळले. "काका, टाकी भरलेली असली की छान चालते, निम्मी झाली की बंद पडायची. काल त्यांनी काहीतरी फिरवल्यापासून बंद पडत नाही." त्या एका वाक्यात सगळे निदान होते, आणि मला त्या पोराचे आजही कौतुक वाटते.

मी टाकीतली पेट्रोलची नळी चिमट्याने बाहेर ओढली. टाकीच्या भिंतीतून ती जिथे बाहेर पडते, त्याच्या थोडे आतल्या बाजूला रबर कडक होऊन केसाएवढी चीर पडली होती. नळी वाकवल्याशिवाय ती दिसतही नव्हती. टाकी भरलेली असताना चीर पेट्रोलमध्ये बुडलेली राही. पातळी उतरली, की ती हवा ओढू लागे, मिश्रणात पेट्रोल कमी पडे आणि इंजिन बंद पडे. ते बंद पडू नये म्हणून आदल्या दिवशी नुसता स्क्रू आत फिरवला गेला होता. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते, म्हणून पेट्रोल कमी पडले, की ऑइलही कमी पडते. धाकधूक होती म्हणून सायलेन्सर काढून टॉर्चने आत पाहिले. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर बारीक उभे ओरखडे उमटू लागले होते, पण रिंग मोकळी होती. आणखी दोन दिवस तशीच चालवली असती, तर सिलिंडर गेला असता.

नळी आणि टाकीतला फिल्टर नवा घातला. कार्बोरेटरचा पडदाही कडक झाला होता, तोही बदलला. रबर वयानेही कडक होते; तरी इथेनॉल मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवले, तर हे लवकर होते, त्यामुळे काम संपले की टाकी रिकामी करा, असे मी प्रत्येकाला सांगतो. पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल कंत्राटदाराची माणसे झाकणाने अंदाजे ओतत होती. एका लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर अशी खूण केलेली बाटली त्यांना दिली.

इंजिन तीन मिनिटे तापवून मी स्क्रू हळूहळू सोडत गेलो. चेन मंदावली आणि थांबली. रेस दिली, सोडली, पुन्हा थांबली. निम्म्या टाकीवर करवत दोन्ही बाजूंना कलती करूनही तेच पाहिले. कंत्राटदार घड्याळाकडे पाहत होता, तरी मी ती त्याच्या हातात न देता पोराच्या हातात दिली, कारण झाडावर तोच चढणार होता. त्याने स्वतः रेस सोडून, चेनकडे टक लावून पाहत मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि मगच ती टेम्पोत ठेवली.