मॅरिंबावर वॉकिंग बेस
आमच्या विद्यार्थी पर्कशन (आघातवाद्यांच्या) ग्रुपमध्ये स्विंगचा, म्हणजे झुलत्या लयीच्या जॅझचा, तुकडा बसवायचं ठरलं. माझ्या वाट्याला आला मॅरिंबाचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा, खालचा भाग: वॉकिंग बेस, मात्रेमात्रेला चालत जाणारे खर्जातले स्वर. बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा गटांचा) ब्लूज, गती मिनिटाला १३२ मात्रा. कागदावर सगळे एट्थ नोट्स (अर्ध्या मात्रेचे स्वर) सारख्याच लांबीचे, वर फक्त ‘स्विंग’ असं लिहिलेलं.

गणित अवघड नाही. एका मात्रेचे तीन भाग करायचे, दोन पहिल्या नोटला, उरलेला एक दुसरीला. ज्यांच्या कानात तिश्र जाती आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. पण आम्ही बहुतेक जण स्नेअर ड्रमवर रूडिमेंट्स (काठ्यांचे पायाभूत बोल) घोटून आलेलो. हातातून दोनास एकऐवजी तीनास एक निघायचं आणि ब्लूजची कवायत व्हायची. शिवाय गती वाढली की हे प्रमाण सपाट होत जातं, हे कुणी कागदावर लिहून देत नाही.

खरी अडचण वाद्यांचीच. सॅक्सोफोनवाला श्वासावर नोट लांबवतो, जिभेने तोडतो. आमच्याकडे एकदा प्रहार झाला की संपलं. झायलोफोनचा स्वर लगेच मरतो, आणि माझ्या खालच्या पट्ट्यांचा स्वर नको इतका रेंगाळतो. चार बार चालले की मागचे स्वर पुढच्यांत मिसळून नुसता घोंगाट. त्यामुळे एका हाताने वाजवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातलं मॅलेट (गोल टोकाची काठी) आधीच्या पट्टीवर अलगद टेकवून ती गप्प करायची, असं शिकावं लागलं. वाजवण्यापेक्षा थांबवण्याचाच सराव जास्त झाला. मऊ मॅलेटने स्वर गोल यायचा पण सुरुवात ऐकू यायची नाही. कडक मॅलेटने नुसता टकटकाट. शेवटी मध्यम कडकपणाच्या, सुत गुंडाळलेल्या जोडीवर जमलं.

तरी बेस ऐकू येईना, कारण ड्रमसेटवाला मित्र पायाने वाजवायचा बास ड्रम चारही मात्रांवर दणकवत होता. सरांनी सगळ्यांना थांबवून आम्हा दोघांनाच वाजवायला लावलं. त्याला म्हणाले, लय पायातून काढून झांजेवर ने. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये ड्रमर जो जोन्सने १९३०च्या दशकात ती हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नेली, पुढे ड्रमर केनी क्लार्कने राइड सिंबलवर, म्हणजे टांगलेल्या मोठ्या झांजेवर. मग मित्राने राइडवर डिंग, डिंग-अ-डिंग धरलं, दोन आणि चारवर पायाने हाय-हॅट मिटवली, आणि बास ड्रम इतका हलका केला की तो ऐकू येण्याऐवजी नुसता जाणवावा. मेट्रोनोम ६६ वर लावला, त्याचे ठोके दोन आणि चार धरले. एक आणि तीन आमचे आम्ही सांभाळायचे. पहिल्यांदा हे करताना मेंदू उलटा होतो, पण घाई करायची सवय मोडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मग बाकीचे एकेक करून आत आले, तेही राइडहून हळू आवाजात वाजवायचं या अटीवर. आवाज कमी केल्यावर सगळ्यांना एकच आखूड नोट ऐकू येऊ लागली आणि वरची धून आपोआप जुळली.

कार्यक्रमात टॉम ड्रम आणि व्हायब्राफोनची (धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची) चार-चार बारची देवाणघेवाण थोडी धावली. राइड हलली नाही, म्हणून निभावलं. पुढच्या सत्रात व्हायब्राफोन माझ्याकडे येतोय. त्याला पेडल आहे, म्हणजे निदान काही स्वर पायाने तोडता येतील. बेस ज्युनियर मुलीकडे गेलाय. ती मॅलेटची जोडी मी तिला देऊन टाकली.