नागपूरचा चंद्र आधी उगवतो

संकष्टी चतुर्थीच्या रात्री आमच्या घरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते, एक चंद्राची आणि दुसरी नागपूरच्या मावशीच्या फोनची. यांतला फोन नेहमी आधी येतो. "आमचा उगवला गं, तुमचा?" असे मावशी विचारते, आणि मुंबईतली माझी आई दर वेळी तेच उत्तर देते, "आमचा अजून यायचाय." लहानपणी मला हा शुद्ध अन्याय वाटत असे. चंद्र एक, गणपती एक, सकाळपासूनची साबुदाण्याची खिचडीही एक, मग मावशीने पानावर बसायचे आणि आईने घड्याळाकडे बघत राहायचे, हे का? भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. तो तक्ता म्हणजे रेखांशांचाच तक्ता आहे, हे शाळेत भूगोलाची परीक्षा देऊन विसरल्यानंतर पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला चार मिनिटे. नागपूर ७९ पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे आहे आणि मुंबई ७३ च्या किंचित अलीकडे. मधले सव्वासहा अंश म्हणजे पंचवीस मिनिटे, आणि तेवढाच आईचा उपवास मावशीपेक्षा लांबतो. दोन गावांचे अक्षांश वेगळे असल्याने यात थोडी मागेपुढे होते, पण मूळ फरक पूर्व-पश्चिमेचा. पूर्वी घटी-पळांत हेच गणित याहून सुबक बसत असे, कारण एक पळ २४ सेकंदांचे आणि म्हणून एका अंशाला बरोबर दहा पळे.

अक्षांशाला निसर्गाने आधार दिला आहे. विषुववृत्त हे पृथ्वीच्या फिरण्यानेच ठरलेले आहे, आणि रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो हे मोजले की आपला अक्षांश साधारण हाती येतो. रेखांशाला असा तारा नाही. सगळी रेखावृत्ते सारखीच, सगळी ध्रुवापासून ध्रुवापर्यंत गेलेली, त्यांतल्या कोणत्या एकाला शून्य म्हणायचे हे माणसांनी आपसांत ठरवायचे. माणसांनी आपसांत ठरवायचे म्हटल्यावर जे व्हायचे तेच झाले.

प्राचीन ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीने आपले शून्य त्याला माहीत असलेल्या जगाच्या पश्चिम टोकाला, आज कॅनरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांवर ठेवले. आपल्याकडच्या ज्योतिषांनी ते उज्जयिनीला ठेवले. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात आणि पुढे भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीतही भूमीची मध्यरेषा लंकेपासून निघून उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून मेरूला, म्हणजे उत्तर ध्रुवाला, जाते. ही लंका म्हणजे आजचा श्रीलंका देश नव्हे, तर विषुववृत्त आणि उज्जयिनीची रेषा जिथे एकमेकांना छेदतात असा गणितातला बिंदू. तिथे बोट नेली तर चहूकडे समुद्रच दिसेल. कुरुक्षेत्रही या रेषेच्या अंशभर पूर्वेला आहे, पण त्या काळची साधने पाहता एका अंशाची चूक मी तरी हसत माफ करीन. मला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. नकाशावर उज्जैनपासून सरळ दक्षिणेला हाताचे बोट फिरवत आणले तर ते भुसावळवरून आणि पुढे बीडवरून जाते. भुसावळ जंक्शनवर केळी विकत घेताना आपण जगाच्या एका जुन्या शून्यावर उभे आहोत, असे मनात यायला हरकत नाही.

अरब ज्योतिषांनी भारतीय ग्रंथ अभ्यासले तेव्हा उज्जैनही त्यांच्याबरोबर पश्चिमेला गेले. अरबी लिपीत 'र' आणि 'झ' यांच्यात केवळ एका नुक्त्याचा, म्हणजे ठिपक्याचा, फरक आहे. कुठल्यातरी नकलनविसाच्या हातून तो निसटला, 'उझैन'चे 'अरीन' झाले, आणि युरोपातले पंडित पृथ्वीच्या मध्यावर असलेल्या अरीन नावाच्या नगराविषयी शतकानुशतके लिहीत राहिले. क्षिप्राकाठचे आपले गाव असे एका ठिपक्यामुळे परक्या नकाशांत हरवले.

शून्य ठरले तरी आपले गाव तिथून किती दूर, हे कसे कळणार? त्यासाठी एकच क्षण दोन्ही ठिकाणांहून ओळखता आला पाहिजे, आणि त्या क्षणी दोन्हीकडे किती वाजले होते ते कळले पाहिजे. चंद्रग्रहण हा असा क्षण होय. सावली चंद्रावरच पडत असल्याने ज्यांना चंद्र दिसतो त्या सर्वांना ती एकाच वेळी लागलेली दिसते. सूर्यसिद्धांताने हीच युक्ती सांगितली आहे: मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेनंतर ग्रहण दिसले तर तुम्ही पूर्वेला आहात, आधी दिसले तर पश्चिमेला. या फरकाला देशांतर म्हणत. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सन १५२० च्या सुमारास ग्रहलाघव हे ग्रहगणिताचे पुस्तक रचले, त्यावरून महाराष्ट्रातली पंचांगे कित्येक पिढ्या होत राहिली, आणि त्या पंचांगकर्त्यांनाही आपापल्या गावाचे देशांतर जमेस धरावेच लागे. खुद्द नांदगावचे देशांतर आजच्या मोजणीने सुमारे २८ पळे भरते. मात्र ग्रहणाची कड धूसर असते, आणि लग्नघरात घंगाळात सोडतात त्या घटिकापात्राने वेळ मोजायची तर एक पळ इकडेतिकडे होणारच. एवढ्या चुकीने गाव दहा किलोमीटर सरकते.

गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांना घड्याळ म्हणून वापरायचे सुचवले, कारण त्यांची ग्रहणे जवळजवळ रोज होतात. पॅरिसच्या वेधशाळेतल्या कॅसिनीने त्यांची कोष्टके केली, त्यांच्या आधारे फ्रान्सचा किनारा नव्याने मोजला गेला आणि देश आधीच्या नकाशापेक्षा अरुंद निघाला. जमिनीवर हे जमले. हेलकावे खाणाऱ्या गलबतावरून दुर्बीण गुरूवर रोखून धरणे कोणालाच जमले नाही, आणि रेखांशाची खरी गरज तिथेच होती. १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजे आपण कुठे आहोत हे न समजल्याने सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. सात वर्षांनी तिथल्या संसदेने २०,००० पौंडांचे बक्षीस लावले: वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगता आला पाहिजे. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे, आणि प्रवास साधारण सहा आठवड्यांचा. घड्याळावर भिस्त ठेवायची तर ते डुलत्या जहाजावर, थंडीत आणि उन्हात, दिवसाला तीन सेकंदांहून जास्त चुकता कामा नये. त्या काळी समुद्रावर असे घड्याळ नव्हतेच.

ते जॉन हॅरिसन नावाच्या यॉर्कशायरच्या सुताराच्या मुलाने केले. तो स्वतःही सुतारच होता, आणि त्याची सुरुवातीची घड्याळे लाकडी होती. १७३५ मध्ये पुरे झालेले त्याचे पहिले सागरी घड्याळ म्हणजे पितळेचे धूड होते. चौथे, १७५९ चे, तळहातापेक्षा जरा मोठे. त्याचा मुलगा ते घेऊन जमैकाला गेला, तेव्हा ८१ दिवसांत ते केवळ पाच सेकंद मागे पडले होते. तरी बक्षिसाच्या मंडळावरील पंडितांना पटेना. त्यांचा जीव चंद्राचे ताऱ्यांपासूनचे कोन मोजून तासन्‌तास आकडेमोड करण्याच्या पद्धतीत अडकला होता, आणि त्याच पद्धतीचा एक पुरस्कर्ता, मॅस्कलिन, पुढे राजज्योतिषी झाला. अखेर ८,७५० पौंडांचा शेवटचा हप्ता हॅरिसनला संसदेकडून मिळाला तो १७७३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. मॅस्कलिनची बाजू अगदीच खोटी नव्हती, कारण एकमेव घड्याळ बंद पडले तर जहाजाने काय करायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण माझे मन सुताराकडे आहे. लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेची वेळ डबीत घालून बरोबर न्यायची, दुपारी सूर्य माथ्यावर आला की डबी उघडून किती वाजले ते पाहायचे आणि फरक मोजायचा. इतकी सरळ युक्ती पार पाडायला त्याला चाळीसएक वर्षे खपावे लागले.

शून्य ग्रीनिचला असावे हे १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरले, मुख्यतः जगातली बहुतेक जहाजे तेच नकाशे वापरत होती म्हणून. फ्रान्सने मत दिले नाही. पुढे १९११ मध्ये त्यांनी ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात लिहिले असे: फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ, नऊ मिनिटे एकवीस सेकंद मागे घेतलेली. शत्रूचे नाव तोंडी न आणता त्याचे घड्याळ लावण्याची ही तऱ्हा आपल्या लोकांना नवीन वाटू नये. १९०६ मध्ये साडेब्याऐंशी अंशांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबई नगरपालिका आपल्या, ३९ मिनिटे मागे असलेल्या, वेळेला १९५५ पर्यंत चिकटून राहिली. त्यामुळे कोणी भेटीची वेळ सांगितली की आमचे आजोबा आधी विचारत, "मुंबई टाइम की स्टँडर्ड?"

लंडनला राहणारा माझा चुलतभाऊ मागे ग्रीनिचच्या वेधशाळेत त्या प्रसिद्ध पितळी पट्टीवर एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून उभा राहिला आणि त्याने मोबाइल पाहिला, तर त्यात शून्य नव्हते. उपग्रहांचे शून्य त्या पट्टीच्या १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे. जुन्या वेधयंत्राची उभी दिशा पाऱ्याच्या सपाटीवरून ठरवली जाई, आणि तिथल्या जमिनीतल्या वस्तुमानाच्या कमीजास्त ओढीने ती पृथ्वीच्या केंद्राकडे नेमकी रोखलेली नव्हती. उपग्रह मात्र केंद्रापासून मोजतात. त्याने ही हकीकत आईला फोनवर सांगितली. आईने ती शांतपणे ऐकून घेतली आणि तिकडे संकष्टीचा चंद्र किती वाजता उगवतो, तेवढे विचारले.

तिचे स्वतःचे गणित कधीचेच बसलेले आहे. मोदक वळून, मोदकपात्रात पाणी घालून ती तयार असते, पण गॅस पेटवत नाही. मावशीचा फोन वाजला की पेटवते. पाणी उकळायला दहा मिनिटे, वाफेला पंधरा. झाकण काढते तोवर समोरच्या इमारतीच्या टाकीमागून चंद्र वर आलेला असतो.