‘आणि’ या शब्दाचा आधार

सांगलीजवळच्या गावात मसाले करून विकणाऱ्या एक ताई माझ्या कार्यालयात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात छापील ईमेलचा जाड गठ्ठा होता आणि उत्तर देण्यासाठी मिळालेल्या वीस दिवसांपैकी अकरा उलटले होते. एका मोठ्या कंपनीने जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार केली होती की, ताईंच्या संकेतस्थळाचे डॉट कॉम नाव तिच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी जुळते, म्हणून ते तिच्या नावावर करून द्यावे. ताईंना आधी ती फसवणूकच वाटली होती.

ते नाव म्हणजे त्यांच्या सासूबाईंना घरात ज्या नावाने हाक मारत ते नाव.

अशा तक्रारी इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 1999 मध्ये स्वीकारलेल्या धोरणाखाली चालतात. नाव चिन्हाशी गोंधळ होण्याइतके सारखे आहे, धारकाचा त्यावर हक्क किंवा वैध हितसंबंध नाही आणि ते वाईट हेतूने नोंदवले ‘आणि’ वापरले आहे, हे तिन्ही मुद्दे तक्रारदाराने सिद्ध करायचे असतात. डॉट इनच्या भारतीय धोरणात त्या शेवटच्या जागी ‘किंवा’ आहे. आमचे नाव डॉट कॉम होते, म्हणजे नोंदवतानाही हेतू वाईट होता हे कंपनीला दाखवावेच लागणार होते, आणि हे माझ्या दृष्टीने फार मोलाचे ठरले. सारखेपणाबद्दल मी वाद घातलाच नाही. ताईंनी नाव 2011 मध्ये घेतले होते, तर कंपनीने स्वतःच चिन्हाचा पहिला वापर 2015 पासून दाखवला होता. जे चिन्ह अस्तित्वातच नव्हते, त्याच्यावर डोळा ठेवून कोणी नाव कसे नोंदवेल?

तरी एक कागद मला सलत होता. नाव दोन लाखांना देईन, असा ताईंचा ईमेल तक्रारीला जोडलेला होता आणि विक्रीसाठी नाव अडवून ठेवणे हे वाईट हेतूचे लक्षण मानले जाते. मी विचारले, “ताई, हा आकडा तुम्ही आपणहून सांगितलात का?”

“नाही हो मॅडम, त्यांनीच तीनदा विचारलं. पुन्हा विचारू नये म्हणून मोठा आकडा लिहिला.”

ते तिन्ही ईमेल त्यांच्या लॅपटॉपवर सापडले. तक्रारीत मात्र एकही नव्हता, याचा मला मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी 2012 चे पावतीपुस्तक आणले. कडा हळदीने पिवळ्या पडलेल्या, कार्बनची अक्षरे फिकटलेली, ‘कांदा-लसूण मसाला, 2 किलो’ अशी नोंद, आणि प्रत्येक पावतीच्या तळाशी संकेतस्थळाचा पत्ता छापलेला. तक्रारीची सूचना येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या नावाने खरा व्यापार चालू होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा मी मागितला नसता. नोंदणीचा करार इंग्रजीत असल्याने कारवाईही इंग्रजीतच होती, त्यामुळे निवडलेल्या प्रत्येक पावतीचे ओळ न् ओळ भाषांतर करावे लागले. या कारवाईत साक्षीदार प्रत्यक्ष उभा राहत नाही. कागदच काय ते बोलतात.

विसाव्या दिवशी सायंकाळी उत्तर पाठवले. निर्णय देणाऱ्या पॅनेलच्या एकमेव सदस्याने तारखांचा मुद्दा मान्य केला, पूर्ण पत्रव्यवहार वाचून त्या आकड्याला महत्त्व दिले नाही आणि तक्रार फेटाळली. तक्रार दुष्ट हेतूने केल्याचा ठपका ठेवावा, ही माझी विनंती मात्र मान्य झाली नाही, आणि ते मला आजही पटलेले नाही. या धोरणात खर्च किंवा भरपाई मिळत नाही, त्यामुळे ताईंचे गेलेले पैसे गेलेच.

निकाल कळवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पावतीपुस्तक परत मागितले. त्यातल्या काही पावत्या सासूबाईंच्या हातच्या होत्या.